मधलं काम

(सेलू येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो, ते शिक्षक होते. शिक्षकाचं स्मरण त्याच्या विद्यार्थ्यांना वगळून होत नाही, आणि या गावचे निम्मे विद्यार्थी गावात नसतात. ही आजची गोष्ट नाही. निजामाच्या राज्यात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं ते उर्दू माध्यमाचं. मराठी मुलांसाठी शाळा हवी तर ती लोकांनीच काढायची, असा तो काळ होता. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईचं योगेश्वरी, आपल्याकडचं नूतन विद्यालय, ही सगळी त्या गरजेची लेकरं. शाळा संपली की मुलगा मनमाड–काचीगुडा लायनीवरची गाडी पकडायचा. एका दिशेला हैदराबाद, दुसऱ्या दिशेला औरंगाबाद आणि पुढे पुणे-मुंबई. आज तीच मुलं सिएटल, सिडनी, डब्लिनला असतात. मोंढ्यात कापूस आणणाऱ्या शेतकऱ्याचा नातू तिकडे बँकेची संगणकप्रणाली सांभाळतो, आणि दिवाळीला व्हिडिओ कॉलवर आजीला विचारतो, "काय म्हणतंय गाव?"

आज मला या मुलांबद्दल बोलायचं आहे. ती गेली याचं दुःख करायला मी आलेलो नाही. गेल्यानंतर त्यातले काही जण तिथे जे सार्वजनिक काम करतात, आपली नोकरी सांभाळून, शनिवार-रविवारी, एक पैसा न घेता, त्या कामाविषयी बोलायचं आहे. संस्थांचे हिशेब तपासण्यात माझं आयुष्य गेलं आहे, त्यामुळे या विषयाकडे मी हिशेबाच्या वहीतून पाहणार. त्याबद्दल आपण मला समजून घ्याल.

परदेशातली मराठी मंडळं जुनी आहेत. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं. अमेरिकेने १९६५ मध्ये स्थलांतराचा कायदा बदलला आणि कॅनडाने १९६७ मध्ये शिक्षण आणि कौशल्याला गुण देण्याची पद्धत आणली, तेव्हा आपल्याकडचे इंजिनियर, डॉक्टर, प्राध्यापक मोठ्या संख्येने तिकडे जाऊ लागले. अमेरिकेत महाराष्ट्र फाउंडेशन १९७८ मध्ये उभं राहिलं, बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये. गणपती, दिवाळी, नाटकं, दर दोन वर्षांनी अधिवेशन, रविवारच्या मराठी शाळा. इकडे बसून या सगळ्याला हौस म्हणणं सोपं आहे. पण आठवडाभर कारखान्यात किंवा इस्पितळात राबलेला माणूस रविवारी सकाळी दुसऱ्यांच्या मुलांना बाराखडी शिकवायला तासभर गाडी चालवत जातो, हॉलचा विमा उतरवतो, संस्थेचं करविवरण भरतो, पाणी आणि पत्रावळ्या मोजून आणतो, त्याला मी हौस म्हणणार नाही. असल्या कामाचे फोटो कुणी काढत नाही.

या कामाची एक व्यक्ती मला आपल्यासमोर ठेवायची आहे. प्राध्यापक जगन्नाथ वाणी. मूळचे धुळे जिल्ह्यातले. साठच्या दशकात उच्च शिक्षणासाठी कॅनडाला गेले, मॅकगिल विद्यापीठात पीएच.डी. केली आणि कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्र आणि विमागणित शिकवण्यात उमेदीची वर्षं घालवली. २०१७ मध्ये ते गेले. कॅनडाने त्यांना ऑर्डर ऑफ कॅनडा हा नागरी सन्मान दिला. महाराष्ट्रात मात्र त्यांचं नाव मोजक्या मंडळींपलीकडे फारसं पोहोचलं नाही, आणि मराठवाड्यात तर नाहीच नाही. म्हणून ते इथे घेतो आहे.

कॅल्गरी म्हणजे अल्बर्टा प्रांत. रॉकी पर्वताच्या पायथ्याशी, हिवाळ्यात उणे तीसपर्यंत उतरणारं तापमान, आणि त्या काळात मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी. वाणींनी तिथे भारतीय संगीताच्या मैफली करणारी रागमाला संस्था उभारायला हातभार लावला, आणि ऐंशीच्या दशकात महाराष्ट्र सेवा समिती नावाची धर्मादाय संस्था काढली. या समितीचं काम ऐकायला साधं वाटतं. कॅल्गरीतल्या लोकांकडून देणग्या गोळा करायच्या आणि महाराष्ट्रातल्या लहान संस्थांच्या कामाला पोहोचवायच्या. पण "पोहोचवायच्या" या एका क्रियापदात किती काम आहे, हे मला आज उलगडून सांगायचं आहे.

अल्बर्टात त्या काळी वाइल्ड रोज फाउंडेशन नावाची प्रांतिक सरकारची संस्था होती. लॉटरीच्या उत्पन्नातला काही पैसा तिच्याकडे यायचा. स्थानिक धर्मादाय संस्थेने परदेशातल्या विकासकामासाठी रक्कम जमवली, तर तिच्या जोडीला ती सरकारी रक्कम घालायची. केंद्र सरकारची सीडा ही विकाससंस्था होती, तिच्याही अशाच योजना होत्या. म्हणजे एखाद्या मराठी गृहस्थाने दिलेला एक डॉलर, कागदपत्रं नीट झाली तर, दोन होऊन निघायचा, कधी त्याहूनही जास्त. हे बहुतेकांना ठाऊकच नसायचं. ज्यांना ठाऊक असायचं त्यांना अर्ज करायचा कंटाळा यायचा. वाणींनी ते अर्ज केले. सरकारी अर्ज वाचणं, प्रकल्पाचा आराखडा त्यांना हव्या त्या रूपात मांडणं, अंदाजपत्रक जुळवणं, मुदतीत अहवाल देणं, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं केलं.

शिवाय कॅनडाचा आयकर कायदा. तिथल्या नोंदणीकृत धर्मादाय संस्थेला परदेशातल्या संस्थेच्या हातात पैसे ठेवून मोकळं होता येत नसे. काम आपलं आहे, त्यावर आपलं नियंत्रण आहे, हे कागदोपत्री दाखवावं लागे. २०२२ मध्ये ही अट थोडी सैल झाली, पण वाणींच्या हयातीत ती कडक होती. म्हणजे इकडे एखाद्या गावात चार खोल्या बांधायच्या असतील, तर विटांच्या पावतीपासून पूर्ण झालेल्या बांधकामाच्या फोटोपर्यंत सगळं कॅल्गरीला हवं. इथला कार्यकर्ता म्हणणार, "साहेब, माझ्यावर विश्वास नाही का?" आणि तिकडचा अधिकारी म्हणणार, "पावती कुठे आहे?" या दोघांच्या मध्ये जो उभा राहतो, दोघांचं ऐकून घेतो, दोघांना एकमेकांची अडचण समजावतो, त्याचं काम मला सर्वांत मोलाचं वाटतं.

आपल्या मोंढ्यात मापाडी असतो. कापूस त्याचा नाही, पैसाही त्याचा नाही. पण त्याचा काटा खरा असेल तर शेतकरी आणि व्यापारी दोघे पुढच्या वर्षी परत येतात, आणि काटा खोटा निघाला तर बाजार बसतो. वाणी हे असं मापाचं काम करत होते.

आता त्यांच्या दुसऱ्या कामाकडे येतो. ते सांगताना मला जरा थांबत थांबत बोलावं लागेल, कारण या सभागृहातल्या काही घरांशी त्याचा संबंध असेल.

वाणींच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. हा आजार साधारणपणे ऐन तारुण्यात सुरू होतो. नसलेले आवाज ऐकू येतात, कुणीतरी आपल्या वाईटावर आहे अशी पक्की समजूत होते, माणूस घरात असून घरापासून लांब जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ मधल्या अंदाजाने जगात सुमारे २ कोटी ४० लाख लोकांना हा आजार आहे, म्हणजे दर तीनशे माणसांमागे साधारण एकाला. सेलूसारख्या गावाचा हिशेब आपण मनातल्या मनात करा. तितकी माणसं आपल्याला रस्त्यावर, लग्नात, देवळात दिसतात का? दिसत नाहीत. ती आतल्या खोलीत असतात. किंवा बाहेरचं झालंय म्हणून कुठल्यातरी दर्ग्यावर नाहीतर देवस्थानाला नेऊन आणलेली असतात, आणि लग्न केलं की सुधारेल असं सांगणारे नातेवाईक त्यांच्या भोवती असतात.

कॅनडात अशा रुग्णांची कुटुंबं सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून संघटित होऊ लागली होती. घरच्या माणसांनी एकत्र बसायचं, लाज बाजूला ठेवून बोलायचं, औषधांची माहिती करून घ्यायची, सरकारकडे सोयी मागायच्या. वाणींनी ही रीत पाहिली आणि १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली. पुण्यात तिला सगळे "सा" म्हणतात. तिथे रुग्णाला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात. आठवड्याच्या बैठकीत शुभंकर एकमेकांना सांगतात, की आज गोळी घ्यायला नकार दिला, आज पहिल्यांदा स्वतःहून आंघोळ केली, आज मी चिडले आणि नंतर रडले. डॉक्टर पाहुणा म्हणून येतो. बैठक घरच्या माणसांची असते.

या संस्थेच्या आणि वाणींच्या पाठबळाने २००४ मध्ये 'देवराई' हा चित्रपट आला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचं दिग्दर्शन, अतुल कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी यांच्या भूमिका. कोकणातली देवराई जपण्याच्या ध्यासात भ्रमाच्या वाटेवर गेलेला भाऊ आणि त्याला सांभाळणारी बहीण. आजाराची माहिती देणारं पत्रक छापलं असतं तर ते किती घरांत पोहोचलं असतं? चित्रपट पोहोचला. मराठी माणूस पत्रक वाचत नाही, पण बहीण-भावाची गोष्ट शेवटपर्यंत पाहतो. हे कॅल्गरीत राहणाऱ्या गणिताच्या प्राध्यापकाला समजलं, याचं मला फार कौतुक आहे.

आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांनी घरातली गोष्ट चारचौघांत सांगितली. परदेशात मोठ्या पदावर असलेल्या मराठी कुटुंबाकडून इकडच्या नातेवाइकांच्या अपेक्षा ठरलेल्या असतात. मोठं घर, मोठी गाडी, मुलं हुशार, सगळं छान. त्या चित्रात मनाच्या आजाराला जागा नसते. वाणींनी ते चित्र स्वतः मोडलं. एखादा श्रीमंत माणूस लाखाची देणगी देतो, तेव्हा त्याचं काही कमी होत नाही. घरातलं दुःख उघड करतो, तेव्हा त्याला नात्यागोत्यात किंमत मोजावी लागते. ती त्यांनी मोजली, आणि त्यामुळे शेकडो घरांना बोलण्याची हिंमत झाली.

सगळ्या परदेशस्थ मदतीचं मी असं कौतुक करणार नाही. पुष्कळ मदत आठवणींच्या वाटेने येते. माझं गाव, माझी शाळा, माझ्या आईच्या नावाची कमान. कमान उभी राहते, तिच्यावर संगमरवरी पाटी लागते, आणि कमानीच्या आतल्या शाळेत विज्ञानाचा शिक्षक नसतो. दुष्काळात मदतीचा लोंढा येतो. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, तेव्हा साऱ्या जगाने मराठवाड्याकडे पाहिलं. पुढे पाऊस झाला आणि जगाची नजर दुसरीकडे गेली. शिवाय परदेशी गेलेल्यांत पुण्या-मुंबईची मंडळी जास्त, त्यामुळे मदतीचा ओघही त्यांच्या ओळखीच्या संस्थांकडे जास्त. यात कुणाचा दुष्टपणा नाही. ज्याची ओळख, त्याला मदत. पण याचा अर्थ असा, की ज्या भागातून माणसं कमी गेली त्या भागाला मदतही कमी मिळते. मराठवाडा त्या यादीत तळाला असणार, हे सांगायला आकडेवारी लागत नाही.

यावर एक उपाय महाराष्ट्र फाउंडेशनने शोधला, तो मला विचार करण्यासारखा वाटतो. वॉल स्ट्रीटवर व्यवहार करणाऱ्या सुनील देशमुखांच्या देणगीतून १९९४ पासून त्यांनी साहित्य आणि समाजकार्याचे पुरस्कार सुरू केले. पैसा अमेरिकेतला. पण निवड इकडच्या जाणकारांनी करायची, व्यवस्था इकडच्या संस्थेने पाहायची. पुढे अनेक वर्षं ही जबाबदारी पुण्याच्या साधना ट्रस्टने सांभाळली, आणि 'साधना'चे संपादक नरेंद्र दाभोलकर हयात होते तोवर त्यांचं त्यात लक्ष होतं. देणाऱ्याने निर्णयाचा अधिकार सोडून दिला. पैसे देणं त्यापेक्षा सोपं असतं. देणारा आपण, मग कुणाला द्यायचं हेही आपणच ठरवू, ही इच्छा आवरणं फार थोड्यांना जमतं.

आता आपल्या बाजूचा हिशेब. परदेशी संस्थेकडून किंवा परदेशी नागरिकत्व घेतलेल्याकडून देणगी घ्यायची तर परकीय योगदान नियमन कायदा आहे. पहिला कायदा १९७६ चा, आताचा २०१० चा, आणि २०२० मध्ये त्यात मोठे बदल झाले. आता परदेशी देणगी नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. प्रशासनावर पूर्वी पन्नास टक्क्यांपर्यंत खर्च करता यायचा, आता वीस टक्के. आलेली देणगी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. आणि नोंदणी मिळण्यासाठी संस्था किमान तीन वर्षांची हवी, आणि त्या तीन वर्षांत तिने पंधरा लाख रुपये आपल्या मूळ कामावर खर्च केलेले हवेत.

हे शेवटचं वाक्य नीट ऐका. सेलूत, मानवतला, जिंतूरला, पाथरीला दहा माणसं एकत्र येऊन मनापासून काम करत असतील, तर त्यांनी तीन वर्षांत पंधरा लाख कुठून खर्च करायचे? म्हणजे पूर्वी एखादी मोठी संस्था परदेशी पैसा घेऊन लहान संस्थेला द्यायची, ती वाटही बंद, आणि लहान संस्थेला स्वतः नोंदणी घेण्याची वाटही अवघड. हिशेब चोख असावेत असं मी आयुष्यभर सांगत आलो. पण हा नियम चोख हिशेबाचा नाही, मोठ्या आकाराचा आहे. लहान माणसाला दाराबाहेर ठेवणारा आहे. मी हे जाहीरपणे सांगतो, आणि ज्यांच्या हातात बदल करणं आहे त्यांनी ते ऐकावं अशी माझी इच्छा आहे.

तोवर काय करायचं? पैशाची वाट अशी अडलेली असताना, वेळेला मात्र कुठलंही परवानापत्र लागत नाही. डब्लिनमध्ये बसलेली आपली मुलगी आठवड्यातले दोन तास देऊ शकते. तिला इथल्या एखाद्या संस्थेची जमाखर्चाची पद्धत बसवून देता येईल. मुदतीचे अर्ज कसे लिहायचे हे शिकवता येईल. देशातल्या मोठ्या कंपन्यांना नफ्यातला दोन टक्के भाग समाजकार्यावर खर्च करावा लागतो, तो पैसा देशातलाच असतो आणि त्याला परकीय योगदानाचा कायदा लागत नाही. तो मिळवण्यासाठी जे कागद लागतात, ते तिच्या हातचा मळ आहेत. वाणींनी कॅल्गरीत जे केलं तेच हे काम आहे, फक्त दिशा वेगळी.

आपल्याकडूनही दोन गोष्टी हव्यात. मागायचं काय ते आपल्याला ठरवता आलं पाहिजे. "काहीतरी करा गावासाठी" असं म्हणून भागत नाही, कारण त्याचं उत्तर म्हणून कमान येते. आणि नको असलेल्या मदतीला नाही म्हणता आलं पाहिजे. शाळेला संगणक नको, मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी हवं, हे तोंडावर सांगायची सवय हवी. मदत देणारा आपला विद्यार्थी असतो, साहेब नसतो. त्याला नाही म्हटलं तर तो रागावणार नाही, आणि रागावला तरी चार दिवसांनी फोन करील.

मला स्वतःला सेलूसाठी एक गोष्ट सुचवायची आहे. महाराष्ट्रात सरकारची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. यात मराठवाडा नाही. ज्या घरात असा रुग्ण आहे त्याला अशा रुग्णालयासाठी रात्रभराचा प्रवास करून पुणे गाठावं लागतं, आणि तो प्रवास रुग्णासह करणं काय असतं हे त्या घरालाच ठाऊक. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो की उपचार हा प्रत्येकाचा हक्क आहे. परभणीला २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. टेलिमानसची १४४१६ ही मोफत दूरध्वनीसेवा २०२२ पासून चालू आहे, मराठीत बोलता येतं. म्हणजे सुरुवात करण्यापुरतं सामान जवळ आहे. नाही ती घरच्या माणसांची बैठक.

ती सेलूत सुरू करूया. महिन्यातून एका रविवारी, एखाद्या शाळेचा वर्ग मागून घेऊ. पाटी लावायची नाही, नावं विचारायची नाहीत. पहिल्या दिवशी दोन माणसं आली तरी चालेल. पुण्याच्या "सा"सारख्या संस्थांना पंचवीस वर्षांहून जास्त अनुभव आहे, त्यांच्याकडून बैठक चालवण्याची रीत शिकून घेता येईल. परदेशात डॉक्टरी किंवा समुपदेशन करणारी आपली मुलं-मुली आहेत. त्यांनी इथे औषध लिहून द्यायचं नाही, तो अधिकार इथल्या डॉक्टरांचा. त्यांनी बैठक चालवणाऱ्यांना दर महिन्याला तासभर ऑनलाइन मार्गदर्शन करायचं, त्यांच्या शंका ऐकायच्या, आणि परभणीच्या डॉक्टरांशी बोलून औषधाचा तुटवडा पडतो का, नेण्या-आणण्याची सोय होते का, याचा पाठपुरावा करायचा. कोण काय करतो याची नोंद एका वहीत ठेवायची. ती वही तपासायला मी दर तीन महिन्यांनी सेलूला येईन.

व्याख्यान संपल्यावर दाराशी संयोजकांकडे एक कोरा कागद ठेवला आहे. ज्यांची मुलं बाहेर आहेत आणि असं काम करू शकतील, त्यांनी त्यावर फक्त मुलाचं किंवा मुलीचं नाव आणि शिक्षण लिहावं. फोन आम्ही नंतर विचारून घेऊ. आणि ज्यांना त्या बैठकीत यायचं आहे, त्यांनी कुठेही नाव लिहू नये. जागा आणि वेळ शाळेच्या फलकावर इतर सूचनांसोबत लागेल.